'पडताळणीचं साधन' या रकान्यातली नोकरी

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची आहे. समाजशास्त्रात एम.ए. केलंय. शिक्षणाच्या क्षेत्रातल्या एका स्वयंसेवी संस्थेत तिनं फील्डवरच्या कामासाठी अर्ज केला होता. संस्थेला ती आवडली, पण त्यांनी देऊ केलंय ते ऑफिसातलं काम, प्रकल्प सहायकाचं. बिलं, बैठकींची टिपणं, प्रवासाची बुकिंगं, इकडून तिकडून अहवाल गोळा करणं. करार एका वर्षाचा. ती हिरमुसली आहे. म्हणते, "मला लोकांत काम करायचं होतं, कागदांत नाही." माझी काळजी वेगळीच आहे. कारकुनीच करायची तर एखाद्या कंपनीत करावी, चार पैसे तरी जास्त मिळतील. समाजसेवेत 'प्रशासन' असं काही करिअर असतं का? आठवडाभरात होकार की नकार ते कळवायचं आहे.

उत्तर : आधी तुमच्याशी बोलतो, मग मुलीशी. दोघांचा राग कागदावर आहे, पण कारणं निराळी आहेत, म्हणून उत्तरंही निराळी द्यावी लागतील.

पगाराबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. सारख्याच कामाला कंपनीत बहुतेक वेळा जास्त पैसे मिळतात. त्यामागचं कारण समजून घ्या, म्हणजे 'समाजसेवा आहे, म्हणून पगार कमी' या सोप्या समजुतीत अडकणार नाही. देणगीदाराला वाटतं, आपला पैसा थेट मुलांपर्यंत जावा, ऑफिसच्या खुर्च्यांवर जाऊ नये. त्यामुळे अनुदानात प्रशासनाचा वाटा बांधून दिलेला असतो. युरोपियन युनियनच्या बाह्य मदतीच्या अनुदानांत अप्रत्यक्ष, म्हणजे ऑफिस चालवण्याच्या खर्चाला साधारण ७ टक्क्यांची मर्यादा असते. अमेरिकेच्या संघीय अनुदानांत, ज्या संस्थांनी सरकारशी स्वतंत्र दर ठरवलेला नाही त्यांना १० टक्के घेता येत होते. ऑक्टोबर २०२४ पासून ते १५ टक्के झाले. भाडं, वीज, हिशेबनीस, संगणक, सगळं या टक्क्यांत बसवायचं. २०१३ साली गाइडस्टार, चॅरिटी नॅव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन अमेरिकी संस्थांनी देणगीदारांना उघड पत्र लिहिलं होतं, की संस्था चांगली की वाईट हे नुसत्या प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यांवरून ठरवू नका. गंमत म्हणजे धर्मादाय संस्थांची माहिती गोळा करणं आणि त्या पारखणं हाच या तिघांचा उद्योग. तरी सवय मोडायला वेळ लागतो, आणि तोवर तुमच्या मुलीसारख्यांचा पगार त्या टक्केवारीतून निघत राहतो.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. तिचा पगार कोणत्या खात्यातून निघणार हे विचारायला लावा. एका विशिष्ट प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात तिचं पद लिहिलेलं असेल, तर तो प्रकल्प संपला की पदही संपतं, मग काम कितीही चांगलं असो. संस्थेच्या सर्वसाधारण निधीतून किंवा दोन-तीन प्रकल्पांत वाटून पगार निघत असेल, तर पायाखाली जरा जमीन असते. करार एका वर्षाचा आहे याला मी घाबरणार नाही, या क्षेत्रात तो नेहमीचा प्रकार आहे. पण वर्षानंतर काय, या प्रश्नाला 'बघू' याहून स्पष्ट उत्तर मिळायला हवं.

तुमचा दुसरा शब्द 'कारकुनी'. तो मी खोडत नाही. पहिले सहा महिने तसंच वाटेल. पुढचं मात्र मुलीला वाचायला द्या.

तुला लोकांत काम करायचं होतं. मग एका तक्त्याबद्दल सांगतो. १९६९ साली यूएसएड या अमेरिकी सरकारी मदत-संस्थेसाठी तो तयार झाला आणि पुढे जगभर पसरला. त्याचं नाव लॉजिकल फ्रेमवर्क, बोलताना सगळे लॉगफ्रेम म्हणतात. चार ओळी, चार रकाने. ओळींत वरून खाली अंतिम ध्येय, प्रकल्पाचा उद्देश, फलितं आणि कामं. पहिल्या रकान्यात काय साधायचं ते शब्दांत, दुसऱ्यात ते साधलं हे कोणत्या मोजमापावरून ओळखायचं, तिसऱ्यात पडताळणीचं साधन, म्हणजे पुरावा कुठे सापडेल ते, आणि चौथ्यात गृहीतकं. पहिला रकाना संचालक भाषणात वाचून दाखवतात. दुसऱ्यावर देणगीदार वाद घालतो. चौथा कुणी वाचत नाही, आणि प्रकल्प बुडतो तो बहुधा तिथेच. तिसरा रकाना प्रकल्प सहायकाचा. 'उपस्थितीपत्रकं, प्रशिक्षणाचे अहवाल, शाळांच्या नोंदी' असं तिथे एका ओळीत लिहिलेलं असतं, आणि ती एक ओळ खरी करण्यात कुणाचं तरी वर्ष जातं.

उदाहरण घे. आकडे माझेच, समजण्यापुरते. प्रस्तावात लिहिलंय, वर्षभरात ६०० शिक्षकांना प्रशिक्षण देऊ. वर्ष संपत आलं. फील्डवरच्या मंडळींनी उपस्थितीपत्रकं पाठवली, तू सह्या मोजल्या, ६४० भरल्या. सगळे खूश. पण तू नावं एका एक्सेलच्या पानावर उतरवून क्रमानं लावतेस, आणि दिसतं की ११० सह्या दुसऱ्यांदा आलेल्यांच्या आहेत. म्हणजे माणसं ५३०. प्रस्तावात 'शिक्षक' लिहिलंय, 'उपस्थिती' नाही. आता काय?

मला विचारशील तर ही नोकरी इथे सुरू होते. ६४० लिहून मोकळं होता येतं, बरेच जण होतातही. चांगली सहायक हे दहाव्या महिन्यात ओळखते, कारण तिनं नावं दर महिन्याला उतरवलेली असतात. ती समन्वयकाकडे जाते आणि म्हणते, ७० माणसं कमी पडताहेत, दोन महिने हातात आहेत, आणि प्रवासखर्चाच्या सदरात पैसे शिल्लक आहेत. मग तीन रस्ते असतात. दोन जादा वर्ग घ्यायचे. किंवा देणगीदाराला लिहून मुदत वाढवून घ्यायची, जादा पैसे न मागता, ज्याला या धंद्यात नो-कॉस्ट एक्स्टेन्शन म्हणतात. किंवा सरळ ५३० कळवायचे आणि दुसऱ्यांदा का आले ते सांगायचं. कदाचित पहिलं प्रशिक्षण अपुरं पडलं असेल, कदाचित इतकं आवडलं असेल की लोक पुन्हा आले. ते कळायला फील्डवर फोन करावा लागतो, आणि तो फोन तू करतेस. हेही लोकांतलंच काम आहे. फक्त लोक तुला सहीच्या रूपानं आधी भेटतात.

पैशाचंही असंच. स्वयंसेवी संस्थेतला रुपया बहुतेक वेळा बांधलेला असतो. पुस्तकांसाठी आलेला पैसा गाडीच्या डिझेलला वापरता येत नाही, खात्यात कितीही पडून असला तरी. एका सदरातून दुसऱ्यात किती टक्के परस्पर हलवता येतात आणि कितीच्या पुढे लेखी परवानगी लागते, हे प्रत्येक करारात वेगळं लिहिलेलं असतं. बहुतेक कर्मचारी तो करार कधीच उघडत नाहीत. तू पहिल्या आठवड्यात तो मागून घे आणि पूर्ण वाच, जोडपत्रांसकट. अहवालाच्या तारखा, खरेदीला तीन दरपत्रकं किती रकमेपासून लागतात, कागद किती वर्षं जपायचे, देणगीदाराचं बोधचिन्ह कुठे छापायचं, सगळं त्यात असतं. अमेरिकी संघीय अनुदानात शेवटचा आर्थिक अहवाल दिल्यापासून ३ वर्षं कागद ठेवावे लागतात. इतरांचे नियम याहून लांबही असतात. ज्याला करार पाठ, त्याला तीन महिन्यांत संचालकसुद्धा विचारायला येतात. हे मी पाहिलंय.

जपण्यावरून आठवलं. करिअर सल्लागार होण्याआधी मी अशाच एका टेबलावर काही वर्षं काढली. पहिल्या ऑडिटच्या वेळी फाइल मोठ्या ऐटीत पुढे सरकवली. ऑडिटरनं टॅक्सीच्या पावत्यांचं पान उघडलं, तर पावत्या कोऱ्या. त्या उष्णतेवर छापणाऱ्या यंत्रातल्या गुळगुळीत पावत्या होत्या, वर्षभरात शाई उडून गेलेली. खर्च खरा होता, प्रवास झालेला होता, आणि माझ्याकडे दाखवायला पांढरे चिटोरे. तेव्हापासून पावती हातात पडली की त्याच दिवशी फोटो किंवा झेरॉक्स, आणि मागे पेन्सिलीनं कारण, तारीख, प्रकल्पाचा संकेतांक. तूही हे कर. कुणी शिकवत नाही.

बैठकीच्या टिपणांना हसू नकोस. इतिवृत्त म्हणजे कोण काय बोललं याची जंत्री नव्हे. काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत, एवढं एका पानात आलं आणि ते त्याच संध्याकाळी सगळ्यांना गेलं, की पुढची बैठक अर्ध्या वेळात होते. प्रवासाच्या बुकिंगबद्दल मात्र मला काही उदात्त सांगता येत नाही. ते कंटाळवाणं असतं आणि तसंच राहतं.

काही ठिकाणी हात आखडायला शीक. कोऱ्या व्हाउचरवर सही नाही. मागची तारीख घालून उपस्थितीपत्रक भरायचं नाही, 'सगळे असंच करतात' म्हटलं तरी. मागणी करणारा, मंजुरी देणारा आणि पैसे देणारा एकच माणूस असू नये, हा हिशेबाचा जुना नियम आहे. छोट्या संस्थेत माणसंच कमी, तिथे तिन्ही कामं तुझ्याकडे सरकतील. तेव्हा निदान दुसऱ्या कुणाची सही लेखी मागून घे. यात अविश्वास नाही, उद्या प्रश्न आला तर तुझं संरक्षण आहे. मुलांची नावं, पत्ते, फोटो तुझ्या संगणकात येतील. ते व्हॉट्सअॅपवर फिरवायचे नाहीत, आणि पालकांच्या संमतीचा कागद नसेल तर फोटो अहवालात जाणार नाही. पगारातला काही भाग 'देणगी' म्हणून परत मागणारी संस्था भेटली, तर तिथे थांबू नकोस.

आता या टेबलाचा धोका. चांगली सहायक सगळ्यांना हवी असते, म्हणून तिला कुणी हलवत नाही. पाच वर्षांनी ती सगळ्यांचं सगळं करते आणि तिच्या नावावर काहीच नसतं. मोठ्या संस्थांत ही भिंत चक्क लिहून ठेवलेली असते. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात कार्यालयीन पदं जी-१ ते जी-७ या श्रेणीत असतात आणि व्यावसायिक पदं 'पी' श्रेणीत. जी-७ झाल्यावर आपोआप पुढची पायरी पी-१ येत नाही, ती शिडीच वेगळी. छोट्या संस्थेत भिंत दिसत नाही, पण असते. तिच्यातून दार काढायचं तर वर्षाच्या आत एक गोष्ट पूर्णपणे तुझी करून घे. तिमाही अहवालाचा आकड्यांचा भाग असो, एखाद्या प्रकल्पाच्या खर्चाचा मासिक ताळा असो, नाहीतर लाभार्थ्यांच्या नोंदींची व्यवस्था. तिथून रस्ते फुटतात. अनुदान व्यवस्थापन, मूल्यमापन, वित्त, मनुष्यबळ, प्रकल्प अधिकारी. विद्यापीठांचे संशोधन प्रकल्प, रुग्णालयं, कंपन्यांची प्रकल्प कार्यालयं यांनाही हेच कसब लागतं. बाबांना हे वाक्य दाखव.

अभ्यासक्रमांच्या मागे लगेच धावू नकोस. पीएम४एनजीओज या संस्थेचं प्रोजेक्ट डीप्रो हे प्रमाणपत्र याच क्षेत्रासाठी बनवलेलं आहे. पीएमआय या प्रकल्प व्यवस्थापकांच्या अमेरिकी संस्थेच्या कॅपम या सुरुवातीच्या प्रमाणपत्राला कामाचा अनुभव लागत नाही, २३ तासांचं प्रकल्प व्यवस्थापनाचं शिक्षण मात्र दाखवावं लागतं. दोन्ही चांगली, पण सहा-आठ महिने काम केल्यावर. आधी शिकलीस तर शब्द कळतील, ते कशासाठी आहेत ते कळणार नाही. आधी एक्सेल नीट शीक. पिव्होट टेबल (नोंदींची गटवार बेरीज), लुकअप (एका यादीतलं नाव दुसरीत शोधणं) आणि एकच नाव दोनदा आलं तर रंगवून दाखवणं, इतकं आलं तरी तू पुढे असशील.

आणि समजा, वर्षभर करून पाहिलंस आणि शुक्रवारी संध्याकाळी ताळा जुळला तरी तुला काहीच वाटलं नाही, तर हे काम तुझं नव्हे. तसं झालं तर लाज बाळगू नकोस, फील्डवरच्या पदाला पुन्हा अर्ज कर. तेव्हा तू असा अर्ज करशील, ज्यात अंदाजपत्रक समजणारी फील्डवरची माणूस दिसेल, आणि तशी माणसं फार थोडी असतात.

माझं मत होकाराचं आहे, दोन अटींवर. महिन्यातून निदान दोन दिवस फील्डवर, उपस्थितीपत्रकं जिथे भरली जातात तिथे जाऊन बसायचं, हे आत्ताच बोलून घे. नंतर कुणाला वेळ नसतो. तुला न दिसलेल्या वर्गाची सही मोजणं आणि पाहिलेल्या वर्गाची मोजणं यांत फार फरक आहे. दुसरी अट पदनामाची. नियुक्तिपत्रात 'कार्यालय सहायक' छापलं असेल तर ते 'प्रकल्प सहायक' करून माग. पगार तोच राहिला तरी हरकत नाही. पुढचा मुलाखतकार तुझ्या कामाआधी तो शब्द वाचणार आहे.