हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढलेला सगळ्यांत अपात्र आव्हानवीर कोण?

कागदावर बघाल तर पीट रॅडमाकर. व्यावसायिक बॉक्सिंगमधली त्याची पहिलीच लढत, आणि तीच थेट जगज्जेतेपदासाठी! २२ ऑगस्ट १९५७, सिएटल, समोर जगज्जेता फ्लॉइड पॅटरसन. रॅडमाकर १९५६च्या मेलबर्न ऑलिंपिकचा सुवर्णविजेता, म्हणजे अगदीच कोणी ऐरागैरा नव्हे. पण हौशी बॉक्सिंग वेगळं आणि हे वेगळं. त्याच्या पाठीराख्यांनी पॅटरसनला अडीच लाख डॉलर कबूल केले आणि लढत ठरली. गंमत म्हणजे दुसऱ्या फेरीत त्याने पॅटरसनला खाली पाडलं. मग स्वतः पुन्हा पुन्हा पडला आणि सहाव्या फेरीत संपला.

तरी माझं मत त्याला नाही.

मी नाशकात राहतो, मूळचा सिन्नरकडच्या खेड्यातला. आमच्या जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो. रेवड्यांवर लढणाऱ्या चिल्ल्यापिल्ल्यांपासून सुरुवात, शेवटी मानाची कुस्ती. जोड लावायची पंचांनी. आजोबा पंचांत बसायचे. एकदा एका नावाजलेल्या पैलवानासमोर कोणीतरी किरकोळ पोरगं उभं केलं, तर आजोबांनी पोराला काही म्हटलं नाही. ‘याच्या जोडीचा तो तिकडं लंगोट लावून बसलाय, त्याला का नाही उठवलं?’ एवढंच विचारलं. तेव्हापासून मी आव्हानवीर मोजतो ते याच मापाने: बाहेर कोण बसलं होतं?

या मापाने माझं उत्तर टॉम मॅकनीली. डिसेंबर १९६१, टोरांटो. गडी अपराजित होता, पण कोणाकोणाला हरवून, ते विचारू नका. पॅटरसनने त्याला इतक्यांदा लोळवलं की बघणाऱ्यालाच कसंतरी व्हावं. चौथ्या फेरीत खेळ आटोपला. (त्याचाच मुलगा पीटर १९९५मध्ये माइक टायसनसमोर ८९ सेकंद टिकला. ती लढत जगज्जेतेपदाची नव्हती, म्हणून या यादीत धरत नाही.)

आणि बाहेर बसला होता सॉनी लिस्टन. क्लीव्हलंड विल्यम्स, झोरा फॉली, एडी मेचन या सगळ्यांना त्याने १९६०च्या अखेरपर्यंत हरवलं होतं. पॅटरसनचा मॅनेजर कस डमॅटो त्याला जवळ येऊ देत नव्हता. लिस्टन तुरुंगात जाऊन आलेला, त्याचे गुंडांशी संबंध, हे कारण पुढे केलं जायचं. कारण खोटं नव्हतं. पण सोयीचंही होतंच की!

बॉक्सिंगमध्ये हे चालतं, कारण कोण कोणाशी भिडणार हे ठरवणारा स्पर्धेचा ड्रॉ नसतो. महाराष्ट्र केसरीत एकेक कुस्ती मारत वर यावं लागतं. इथे जगज्जेत्याची माणसंच बऱ्याचदा समोरचा गडी निवडतात. संघटना अधूनमधून सक्तीचा आव्हानवीर पाठवतात, मधल्या लढती आपल्या मर्जीच्या. १९७६मध्ये जगज्जेत्या मुहम्मद अलीसमोर आलेला बेल्जियमचा कूपमन असाच, पाच फेऱ्यांत गार. १९७३मध्ये टोकियोत जगज्जेत्या जॉर्ज फोरमनसमोरचा जो रोमन तर पहिल्याच फेरीत. हॅरी विल्स मात्र काळा म्हणून जॅक डेम्प्सीच्या जगज्जेतेपदाच्या १९१९ ते १९२६ या सगळ्या काळात दारातच उभा राहिला.

‘मग लिऑन स्पिंक्स?’ असं कोणी विचारेलच. अवघ्या सात लढतींचा अनुभव, त्यातली एक बरोबरीत. पण १९७८मध्ये त्याने अलीला हरवलं, त्यामुळे त्याला अपात्र म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

लिस्टनची पाळी अखेर आली. डमॅटोचा विरोध असतानाही पॅटरसन स्वतःच तयार झाला, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. २५ सप्टेंबर १९६२, शिकागो. लिस्टनने लढत २ मिनिटं ६ सेकंदांत जिंकली.