लॉनऐवजी जमीन झाकण्यासाठी कमी पाण्यावर जगणारे, फुलांचे देशी झुडूप कोणते आणि ते किती अंतरावर लावावे?

पिवळी कोरांटी लावावी. रोपवाटिकेत आपल्याला बहुधा वेडेलिया किंवा रंगीत घाणेरी दाखवतील. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या, आणि घाणेरीने तर आपली राने गिळली आहेत.

सांगोल्यात आम्ही घर बांधले तेव्हा पुण्याचे आमचे मेहुणे पिशवीभर वेडेलिया घेऊन आले आणि मी पडीक रानातून आणलेल्या कोरांटीच्या काड्या पाहून, "कुंपणाचा कचरा अंगणात कशाला?" असे सर्वांदेखत म्हणाले. 2018 च्या ऑक्टोबरअखेर राज्यातील 151 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यांत आमचाही होता. पुढच्या उन्हाळ्यात टँकरचे पाणी पिण्यापुरतेच मिळू लागल्यावर मी दोन्ही वाफ्यांचे पाणी एकाच दिवशी तोडले. वेडेलिया पंधरवड्यात कुरडईसारखी वाळली. कोरांटीनेही पाने गाळली होती. त्या करड्या काटक्या उपटून टाका, असे मेहुणे सांगू लागले, तेव्हा मी नखाने एका काडीची साल खरवडून आतला हिरवा पदर त्यांना दाखवला. ते नुसते हसले. पहिला पाऊस पडून आठ दिवस झाले नाहीत तोच प्रत्येक पेरावर दोन-दोन कोवळी पाने आली, आणि दिवाळीच्या सुमारास वाफा पिवळा झाला.

अंतर सव्वा फूट पुरते. पावसाळ्याच्या तोंडी वीतभर काड्या तिरप्या खोचाव्यात, आणि दरवर्षी बहर ओसरल्यावर झुडूप वीतभर उंचीवर छाटावे. तसे न केल्यास ते कमरेएवढे वाढते, बुडाशी उघडे पडते आणि जमीन झाकली जात नाही. रिकाम्या जागेची चिंता नसावी, कारण वाळलेले बोंड टचकन फुटून चपटे बी दूर उडते आणि जागा आपोआप भरते.

मात्र पानांच्या बेचक्यांत लांब, अणकुचीदार काटे असतात, हे आधीच सांगायला हवे होते. लॉनसारखे तिच्यावर बसता येत नाही. घरात लहान मुले असतील तर बेचक्यांत काटे नसलेली निळी कोरांटी घ्यावी, पण तिला थोडे अधिक पाणी लागते.

मेहुण्यांनी गेल्या आषाढात दहा काड्या मागून नेल्या. त्यांनी त्या कुंडीत लावल्या, रोज पाणी घातले, आणि आता मुळे कुजल्याची तक्रार माझ्याकडेच करतात.