रानातले चावे: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझी लेक टोरांटोला असते. जूनच्या पहिल्या आठवड्यात मी तिच्याकडे पोहोचतेय. जावयांनी लगेच ॲल्गॉन्क्विन पार्क या तिथल्या तळ्या-जंगलांच्या उद्यानात कनूची (वल्ह्याच्या अरुंद होडीची) चार दिवसांची सहल ठरवली आहे, पाच वर्षांची नातही सोबत आहे. तिथल्या माश्या रक्त काढतात म्हणे. इथून ओडोमॉसच्या ट्यूब घेऊन जाऊ का?
– एक वाचक, प्रतापनगर, नागपूर

उत्तर: ताई, ट्यूब न्या, पण सगळी भिस्त तिच्यावर ठेवू नका. आणि आधी जावयांना सांगा, सहल ऑगस्टमध्ये नेता आली तर न्या. मे-जून हा तिथे ब्लॅक फ्लायचा, म्हणजे त्या रक्त काढणाऱ्या बारीक काळ्या माशीचा हंगाम. मुलाकडे असताना मी त्याच तळ्यांमध्ये जूनमध्येही वल्हं मारलंय आणि ऑगस्टअखेरीसही. दोन्ही वेळचं रान एकच आहे, यावर विश्वास बसत नाही.

कूलरच्या साचलेल्या पाण्यात डास होतात, हे आपल्या नागपुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ब्लॅक फ्लायचं नेमकं उलटं. तिच्या अळ्या वाहत्या, स्वच्छ पाण्यात दगडांना चिकटून वाढतात. म्हणून धबधब्याजवळची, खळाळत्या ओढ्याकाठची जागा कितीही देखणी असली तरी त्या दिवसांत तिथे तंबू नको. वारा खाणारं तळ्याचं टोक किंवा छोटं बेट शोधा. ही माशी वाऱ्यात टिकत नाही.

ती चावते दिवसा. चावताना कळतही नाही, कानामागून रक्ताचा ओघळ आला की हात जातो. केसांची कड, मानेची मागची बाजू, मोज्याची वरची कड, जिथे कापड संपतं तिथे ती सरपटत आत शिरते. म्हणून माझा भर मलमाआधी कापडावर असतो. फिक्या रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट पँटमध्ये खोचलेला आणि पँट मोज्यांत खोचलेली. गडद निळा रंग टाळा, त्यावर त्या तुटून पडतात. डोक्यावर रुंद काठाची टोपी आणि तिच्यावरून गळ्यापर्यंत येणारी जाळी. नातीसाठी वेगळी, तिच्या मापाची जाळी घ्या.

उघड्या राहिलेल्या कातडीसाठी डीट किंवा इकॅरिडिन (दोन्ही कीटकांना दूर ठेवणारी रसायनं) असलेलं औषध तिथल्याच दुकानातून घ्या. मोठ्यांना डीट ३० टक्क्यांपर्यंत चालतं. नातीच्या वयाला १० टक्क्यांपर्यंतचंच, दिवसातून जास्तीत जास्त तीनदा, आणि तिच्या तळहातांना अजिबात नको, कारण पोरांचे हात तोंडात जातातच. तिच्यासाठी मी २० टक्क्यांपर्यंतचं इकॅरिडिनच निवडेन. डीटनं चष्म्याची प्लॅस्टिकची काच, घड्याळ, रेयॉन-स्पँडेक्सचं कापड खराब होतं, तेही लक्षात असू द्या. सनस्क्रीन लावायचं असेल तर ते आधी, औषध नंतर.

खरी परीक्षा पोर्टेजला. एका तळ्यातून दुसऱ्यात जाताना कनू खांद्यावर उलटी घेऊन झाडीतून चालावं लागतं. जावयांचे दोन्ही हात कनूला गुंतलेले आणि डास चेहऱ्यावर! त्यामुळे जाळी, औषध सगळं काठाला लागण्याआधी, पाण्यातच चढवा. तळ्याच्या मध्यावर मात्र निवांत असतं. अंधार पडला की ब्लॅक फ्लाय थांबते आणि डासांची पाळी सुरू होते. तेव्हा जेवण उजेडातच उरका आणि तंबूची चेन एका क्षणासाठीही उघडी ठेवू नका. झोपण्यापूर्वी सगळ्यांच्या काखा, गुडघ्यामागची जागा आणि नातीचे केस गोचिडीसाठी तपासा. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. तेल किंवा काडीचा चटका नको.

प्रश्न: सप्टेंबरअखेरीस गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगाव बांधला कॉलेजच्या पोरांना तंबूत न्यायचंय. डासांची काळजी घेतलीये, आणखी काय?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: गवत! २०१८च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रब टायफसचे रुग्ण किती निघाले, ते आठवा. गवतातल्या बारीक लाल किड्यांची पिल्लं चावतात, दुखत नाही, आणि दहा-बारा दिवसांनी कडक ताप येतो. तेव्हा गवतावर कुणी नुसतं बसू-लोळू नये, कपडे गवतावर वाळत घालू नयेत, बसायला जाड ताडपत्री असावी. परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ आणि कपडे लगेच धुवायला. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक कपड्यांना लावता येतं, अंगाला मात्र लावायचं नाही. प्रत्येक पोराच्या घरी सांगून ठेवा: पुढच्या तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘रानात राहून आलो’ हे आपणहून सांगायचं आणि कंबरपट्टा, जांघ, काखेत विडीच्या चटक्यासारखी काळी खपली आहे का ते बघायचं. वेळेत ओळखलं तर डॉक्सिसायक्लिनने हा ताप उतरतो, उशीर झाला तर जीवावर बेततो. गोंदियाकडचा मलेरियाही विसरू नका. तो डास रात्री चावतो, म्हणून प्रत्येकाला मच्छरदाणी हवीच.