एचडीएमआय केबल किती वेगाची आहे, हे कसं ओळखायचं?
जुनी, खोका हरवलेली केबल 4के 120 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 120 वेळा बदलणाऱ्या अतिस्पष्ट चित्राला, चालेल का, असं तुम्ही विचारलंय. आधी टोक बघा. खालचे दोन्ही कोपरे तिरके असतील तर एचडीएमआय. एकच कोपरा कापलेला असेल तर ती डिस्प्लेपोर्ट, म्हणजे वेगळ्याच प्रकारची केबल. मग केबल उजेडात धरून सावकाश फिरवा, आवरणावर बारीक अक्षरं सापडतील. ‘हाय स्पीड’ म्हणजे सेकंदाला साधारण 10 गिगाबिट, ‘प्रीमियम हाय स्पीड’ म्हणजे 18 आणि ‘अल्ट्रा हाय स्पीड’ म्हणजे 48. तुम्हाला ही शेवटचीच हवी. नुसत्या ‘2.1’ या एचडीएमआय आवृत्तीच्या आकड्यावर मात्र विसंबू नका, तो उपकरणांसाठीचा आहे. अक्षरं पुसली असतील तर सरळ 4के 120 लावून अर्धा तास चालवा. चित्र मध्येच काळं पडलं किंवा पांढरे ठिपके चमकले, तर बहुधा केबलच कमी पडतेय.