एव्हीएक्स-२ वापरूनही माझा आरएसएचा कोड साध्या सी कोडपेक्षा स्लो का?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं की एव्हीएक्स-२ चं (प्रोसेसरमधल्या, एकाच फटक्यात अनेक आकड्यांवर तेच गणित करणाऱ्या व्हेक्टर इन्स्ट्रक्शन) रजिस्टर २५६ बिटांचं, म्हणजे ६४ बिटांच्या चार लेन, मग आरएसए एन्क्रिप्शनमधला मॉड्युलर गुणाकार (गुणून मग भागाची बाकी ठेवायची तो) चौपट राहू दे, निदान दुप्पट तरी फास्ट व्हायला हवा होता, आणि झालं उलटंच. कोडमध्ये चूक असेलच असं नाही हो, मीही याच खड्ड्यात पडून आलोय.

गोम अशी आहे की लेन ६४ बिटांची असली तरी एव्हीएक्स-२ मध्ये गुणाकार ३२ गुणिले ३२ एवढाच होतो आणि त्याचं ६४ बिटांचं उत्तर त्या लेनमध्ये बसतं. आता शाळेतला उभा गुणाकार आठवा, ६४ बिटांचे दोन आकडे ३२-३२ चे तुकडे करून गुणायचे तर चार छोटे गुणाकार लागतात. म्हणजे चार लेनवाली ती भारी इन्स्ट्रक्शन जेवढं काम करते तेवढंच काम साधं ६४ बिटी मल्टिप्लाय एका फटक्यात करतं! इथे बरोबरी झाली, आणि पुढे तुम्ही हरता ते कॅरीमुळे, म्हणजे हातच्यामुळे. साध्या रजिस्टरांना कॅरी फ्लॅग असतो, इंटेलच्या ब्रॉडवेल प्रोसेसरपासून तर एडीसीएक्स आणि एडीओएक्स अशा दोन इन्स्ट्रक्शन आल्या ज्या दोन वेगळ्या फ्लॅगवर हातचे चालवतात. व्हेक्टरमध्ये हातचा घ्यायची सोयच नाही. त्याआधीच्या हॅसवेल प्रोसेसरच्या काळात हाताने असेंब्ली रचून लोकांनी एव्हीएक्स-२ मधूनही आरएसएला वेग काढलाय, पण नवीन प्रोसेसरवर त्या कष्टाला आता फारसा अर्थ उरलेला नाही.

हातचा नाही म्हणून मग आकडा पूर्ण न भरता छोटे लिंब घ्यायचे (झाडाचा लिंब नव्हे, मोठ्या आकड्याचा एक तुकडा) आणि वरची जागा बेरजेसाठी मोकळी सोडायची. इथे माझी फजिती सांगतो. १०२४ बिटांच्या आकड्याला मी ३० बिटांचे ३५ लिंब केले. गुणाकार ६० बिटांचा, लेन ६४ ची, म्हणजे पूर्ण भरलेले फक्त १६ गुणाकार मावणार आणि मला एका कॉलममध्ये ३५ च्या आसपास बेरजा करायच्या होत्या. तरी लाखो रँडम टेस्ट पास! कारण रँडम आकड्यांचा गुणाकार सरासरीने कमाल आकड्याच्या पाव एवढाच येतो, ३५ चा पाव म्हणजे नऊपेक्षा कमी, त्यामुळे सगळं आरामात मावत होतं. शेवटी एका मित्राने सगळे बिट १ असलेला आकडा टाकून बघायला सांगितलं आणि पहिल्याच फटक्यात उत्तर चुकलं. २८ बिटांचे ३७ लिंब केल्यावर २५६ गुणाकारांची जागा मिळाली आणि प्रश्न मिटला. स्पीड मात्र गेला तो गेलाच.

आरएसएसाठी खरं औषध म्हणजे एव्हीएक्स-५१२ मधलं आयएफएमए. त्यात ५२ गुणिले ५२ होतं, खालचे ५२ बिट एक इन्स्ट्रक्शन देते, वरचे ५२ दुसरी, आणि दोन्ही आपणहून बेरीजही करून टाकतात. ५२ हा विचित्र आकडा अशासाठी की डबलच्या (६४ बिटी फ्लोटिंग पॉइंट आकड्यांच्या) गणितासाठी तेवढा मोठा गुणक चिपमध्ये आधीच बसवलेला असतो. ६४ च्या लेनमध्ये वर १२ बिट मोकळे राहतात, १०२४ बिटांना फक्त २० लिंब लागतात, आणि आरएसए-२०४८ मध्ये p आणि q (किल्लीतल्या दोन गुप्त मूळ संख्या) यांची दोन एक्स्पोनेन्शिएशन (घात काढणं) शेजारी शेजारी चालवता येतात. सर्व्हर असेल तर अजून सोपं, आठ वेगवेगळ्या रिक्वेस्ट आठ लेनमध्ये टाका, लेन-लेनमध्ये देवाणघेवाणच नको. इंटेलमध्ये कॅनन लेकपासून (आणि सर्रास आइस लेकपासून) आणि एएमडीमध्ये झेन ४ पासून हे मिळतं, पण अल्डर लेकसारख्या डेस्कटॉप चिपांवर एव्हीएक्स-५१२ बंद केलेलं आहे, त्यामुळे नुसतं मॉडेल नवीन आहे म्हणून गृहीत धरू नका, रनटाइमला फ्लॅग तपासा.

आणि एव्हीएक्स-२ वरच हौस भागवायची असेल तर आरएसए सोडा आणि कायबर करा (क्वांटम कॉम्प्युटरपुढेही टिकावी अशी किल्ली ठरवायची पद्धत, २०२४ मध्ये एमएल-केईएम नावाने स्टँडर्ड झाली ती). तिथे मॉड्युलस फक्त ३३२९, सगळं १६ बिटांत, हातचा नाहीच, एका रजिस्टरमध्ये १६ आकडे. पूर्णांकांचा भागाकार तर व्हेक्टरमध्ये नाहीच, म्हणून गणितज्ञ पीटर माँटगोमेरीची भागाकाराशिवाय बाकी काढायची १९८५ ची युक्ती वापरतात, आणि ती इथे बघायला फार गोड आहे. ३३२९ म्हणजे १३ × २५६ + १. त्याला −३३२७ ने गुणलं तर ६५५३६ च्या हिशोबात बाकी १ राहते. मग a × b चे खालचे १६ बिट घ्यायचे, −३३२७ ने गुणून परत खालचेच १६ ठेवायचे, ते ३३२९ ने गुणायचे, की या गुणाकाराचे खालचे १६ बिट a × b च्या खालच्या १६ शी तंतोतंत जुळतात. वजाबाकीत ते उडणारच, म्हणून ते काढायचेच नाहीत, फक्त वरचे १६ वरच्या १६ मधून वजा! b आधीच ठरलेला असेल (एनटीटीमध्ये, म्हणजे कायबरमधल्या बहुपदी झटपट गुणायच्या पद्धतीत, असतोच) तर b × −३३२७ आधी करून ठेवता येतं, आणि चार इन्स्ट्रक्शनमध्ये १६ मॉड्युलर गुणाकार उरकतात, एकही इफ न लावता, त्यामुळे टायमिंगमधून गुपित फुटायची भीतीही कमी.

तुम्ही किती बिटांचे लिंब घेतलेत आणि कॅरी नक्की कुठे सोडवताय ते लिहा, मग त्या लूपमध्ये अजून काही वाचवता येतंय का ते बघू.