पैसे आपले, मग ठरवणार कोण?

प्रश्न: आम्ही काही मित्र मिळून दरवर्षी एका संस्थेला देणगी देतो. आता ग्रुपमधले काहीजण म्हणतायत, पैसे आपले तर खर्च कशावर करायचा ते आपणच ठरवू आणि दर महिन्याला रिपोर्ट मागू. बरोबर आहे का हे?

उत्तर: हिशोब जरूर मागा, पण दर महिन्याचा रिपोर्ट लिहिणार कोण? दिवसभर मुलांना शिकवणारी ताईच रात्री फोटो, बिलं, एक्सेल घेऊन बसणार, आणि काय फसलं ते त्यात कधीच येणार नाही, कारण पुढच्या वर्षीचे पैसे तुमच्या हातात असतात ना. अमेरिकेतल्या अब्जाधीश देणगीदार मॅकेन्झी स्कॉट २०२० पासून संस्थांना अब्जावधी डॉलर कसलीही अट न घालता देतायत. अपंगांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या संघटनांना पैसे देणाऱ्या, २००८ मध्ये सुरू झालेल्या डिसॅबिलिटी राइट्स फंडात तर अनुदान कोणाला द्यायचं हे ठरवताना अपंग कार्यकर्ते स्वतः बसतात, मला हे फार महत्त्वाचं वाटतं. वर्षातून एकदा ऑडिट केलेला हिशोब बघा, पगार-भाड्यालाही पैसे वापरू द्या, आणि ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांनाच विचारा की संस्था तुमचं ऐकते का, तक्रार केली तर पुढे काय होतं. आणि हो, तुम्ही देणगी थांबवणार असाल तर तेही वर्षभर आधी सांगा, जबाबदारी तुमचीही आहेच की.