लग्नाची पंचविशी, रिओचा कार्निव्हल आणि आठ लाखांची एफडी

ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. बाकी वाचणाऱ्यांनाही कळावं म्हणून आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते. तुम्ही दोघं इंदूरला, भाऊजी पीथमपूरला नोकरीत, तुम्ही शाळेत शिकवता, दोघांचे मिळून महिन्याला १ लाख ३५ हजार हातात येतात. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. येत्या फेब्रुवारीत लग्नाला २५ वर्षं होतात, आणि लहानपणी टीव्हीवर बघितलेला ब्राझीलमधल्या रिओचा कार्निव्हल आता दोघांनी जाऊन डोळ्यांनी बघायचा असं तुमच्या मनात आहे. एजंटने दोघांचे ९ लाख ६० हजार सांगितलेत. त्यासाठी ८ लाखांची एफडी मोडू की ६ लाखांचं पर्सनल लोन काढू, असं विचारलंय, आणि तेवढ्यात नाही जमलं तर मेक्सिकोचं ओहाका किंवा जपानचं क्योटो चालेल का, हेही.

येत्या फेब्रुवारीत रिओ नको. पण रिओचं स्वप्न सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये, ते कसं जमवायचं तेच खाली सांगते.

एफडीचं आधी बघू. घरखर्च ६० हजार, फ्लॅटचा हप्ता २७ हजार, म्हणजे महिन्याला ८७ हजार तर लागतातच. सहा महिन्यांचे हे पैसे बाजूला हवेतच, कारण भाऊजींची नोकरी प्रायव्हेट आहे आणि वय ५३. ते झाले ५ लाख २२ हजार. मुलाची एका वर्षाची फी १ लाख ८० हजार. बेरीज ७ लाख २ हजार. ८ लाखांतून हे वजा केलं की तुमचे खरोखर मोकळे पैसे आहेत ९८ हजार. एफडीच्या पावतीवर ८ लाख दिसतात म्हणून ते सगळे फिरायला आहेत असं वाटतं, पण त्यातले सात लाख आधीच कुणाच्या तरी नावाचे आहेत. शिवाय मुदतीआधी मोडली की बँक जितके दिवस पैसे राहिले तितक्याच मुदतीचा व्याजदर लावते आणि वरून बहुतेक बँका अर्धा ते एक टक्का कापतात.

लोन तर त्याहून नको. ६ लाख, १४ टक्के, तीन वर्षं, असं धरलं तर महिन्याचा हप्ता येतो साधारण २०,५०० आणि नुसतं व्याज जातं १ लाख ३८ हजार. माझ्याकडे मागे एक जोडपं आलं होतं, युरोप फिरून आले, फोटो फार सुंदर, हप्ते चालू असतानाच सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्या बाईंनी माझ्यासमोर टेबलावर रुमाल उघडून पाटल्या ठेवल्या, विचारत होत्या की यावर किती मिळतील. तो रुमाल मी विसरलेले नाही, म्हणून फिरण्यासाठी लोन हा शब्द निघाला की मी नाहीच म्हणते.

आता जरा वेगळं बोलते. आपल्याकडे इंदूरला रंगपंचमीला राजवाड्यासमोर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक निघते, टँकरचं पाणी, मिसाईल म्हणतात त्या रंग उडवायच्या यंत्रातून चार मजले वर उडणारा गुलाल, अख्खा रस्ता एका रंगाचा होऊन जातो. आपण काय करतो, ओळखीच्या कुणाच्या तरी गच्चीवर जाऊन उभे राहतो, खर्च शून्य. तीच गेर बघायला कुणी परदेशातून आलं तर त्याचा पैसा गेरवर जात नाही, तो जातो विमानावर आणि नेमक्या त्याच चार दिवसांच्या हॉटेलच्या खोलीवर. रिओलाही असंच आहे बघा. साम्बाद्रोमो, म्हणजे ऑस्कर नीमायरने डिझाईन केलेला आणि १९८४ मध्ये सुरू झालेला तो परेडचा लांबलचक मार्ग, त्याचं तिकीट असतं, आणि २०२५ पासून तिथे मुख्य साम्बा स्कूल्सची, म्हणजे नाचणाऱ्या मोठ्या मंडळांची, परेड रविवार, सोमवार, मंगळवार अशा तीन रात्री होते. पण गल्लीबोळांतून नाचत जाणारे ब्लोको, ते फुकट, कुणीही सामील व्हावं. तुमच्या कोटेशनमध्ये तीनही रात्रींची महागडी सीट धरलीय, ती एका रात्रीची करा आणि बाकी दिवस ब्लोकोमध्ये फिरा. हॉटेलांचं मात्र काही करता येत नाही, कार्निव्हलमध्ये बरीच हॉटेलं चार-पाच रात्रींचं मिनिमम लावतात आणि पैसे आधी घेतात.

पण एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे, सणाची तारीख आधीपासून माहीत असते. कार्निव्हलचा मंगळवार ईस्टरच्या ४७ दिवस आधी येतो, म्हणजे २०२८ ला २९ फेब्रुवारी, २०२९ ला १३ फेब्रुवारी आणि २०३० ला ५ मार्च. तुम्ही २०३० चा धरा. हप्ता, घरखर्च, फीसाठी दरमहा १५ हजार आणि चालू असलेली १० हजारांची एसआयपी (ती बंद करू नका, ती म्हातारपणाची आहे) एवढं जाऊन तुमच्याकडे २३ हजार उरतात. त्यातले २० हजार आरडीत (दरमहा ठरलेली रक्कम भरायची बँकेची ठेव) टाका, साडेसहा टक्के धरले तर दोन वर्षांत ५ लाख १३ हजारांच्या आसपास होतात. तोवर मुलाचं शिक्षण संपेल, फीचे १५ हजारही मोकळे होतील, मग तिसऱ्या वर्षी ३५ हजारांची आरडी करा, तीन वर्षांच्या शेवटी साधारण ९ लाख ८० हजार हातात येतील. व्याजावर टॅक्स लागेल तेवढं कमी धरा. हे पैसे शेअर मार्केटमध्ये घालू नका, भाऊजींना कुणी काहीही टिप देवो, कारण कार्निव्हल मार्केट वर यायची वाट बघणार नाही. पॅकेजचे दर आणि रुपया इकडेतिकडे होईल, म्हणून सीट कमी करून आणि विमानाचं तिकीट स्वतः काढून जी बचत होईल ती दरवाढीसाठी राखून ठेवा.

आणि पंचविशी? ती कोरडी कशाला जाईल! भूतानला जा, पारो गावचा त्सेचू, म्हणजे तिथला मुखवटे घालून नाचायचा बौद्ध उत्सव, बघायला. मार्च-एप्रिलमध्ये येतो, तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या महिना-दोन महिने पुढे. आपल्याला व्हिसा लागत नाही, परमिट पुरतं, आणि भारतीयांना सस्टेनेबल डेव्हलपमेंट फी माणशी एका रात्रीला १,२०० रुपये आहे, बाकी बहुतेक देशांच्या लोकांना तीच १०० डॉलर पडते. सहा रात्री, दोघं, १४,४०० झाले. ट्रेनने न्यू जलपाईगुडी, तिथून गाडीने सीमेवरचं फुंटशोलिंग, असं गेलात आणि साधं हॉटेल घेतलंत तर तुमच्या त्या मोकळ्या ९८ हजारांत बसतं, मी स्वतः हिशोब मांडून बघितलाय. शेवटच्या दिवशी मात्र पहाटेच उठायचं बरं का, अंधार असतानाच. त्या दिवशी उजाडायच्या आधी थोंगद्रेल उघडतात, अनेक मजली उंचीचं, रेशमी कापडं जोडून केलेलं गुरू रिंपोछेंचं (तिथले पूज्य बौद्ध गुरू) चित्र, त्याच्या नुसत्या दर्शनाने पाप धुतलं जातं अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. आणि ऊन त्याच्यावर पडायच्या आत ते गुंडाळून ठेवतात. हॉटेलवाल्याने सांगितलं आठला निघू तर ऐकू नका.

ओहाकाचं आत्ता सोडा, १ आणि २ नोव्हेंबरचा तो मृतांचा दिवस फार जिव्हाळ्याचा सण आहे पण खर्च रिओसारखाच पडेल. क्योटोबद्दल मात्र मी स्वतः थोडी अडखळले. गिओन मात्सुरी हा तिथला सण, इ.स. ८६९ मध्ये रोगराई हटावी म्हणून सुरू झालेला, १७ आणि २४ जुलैला रथ निघतात, तारखा ठरलेल्या. रथाची चाकं वळत नाहीत, म्हणून कोपऱ्यावर बांबूच्या पट्ट्या अंथरून त्यावर पाणी ओततात आणि माणसं दोरांनी ओढून अख्खा रथ आडवा सरकवून वळवतात, आणि हे रस्त्यावर उभं राहून फुकट बघता येतं. दोन वर्षांच्या आरडीत हे होऊनही जाईल. पण तुमच्या मेलमध्ये क्योटो एका ओळीत आहे आणि रिओ दोन पानं, तेव्हा मधेच आरडी फोडून मन दुसरीकडे वळवू नका. रिओच करा.

आता राहिलेलं पटापट. तुमचा हेल्थ इन्शुरन्स फक्त भाऊजींच्या कंपनीचा आहे, दिवाळीच्या बोनसमधून घरच्या तिघांचा वेगळा फ्लोटर (तिघांना मिळून एकच पॉलिसी) घ्या, आरडीच्याही आधी. परदेशाचं पॅकेज घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे विकणाऱ्याने आधीच गोळा करायचा टॅक्स, कापतात, त्याचे दर बजेटमध्ये बदलत राहतात, ऑक्टोबर २०२३ मध्ये ७ लाखांच्या पुढच्या रकमेवर थेट २० टक्के केला होता, तेव्हा बुकिंगच्या दिवशीचा रेट विचारा. तो खर्च नाही, तुमच्या पॅनवर जमा दिसतो आणि रिटर्न भरताना वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात म्हणून हाताशी धरून चला. परदेशात कार्ड स्वाइप करताना मशीन विचारेल रुपयात की तिथल्या चलनात, तिथलं चलन सांगा. आणि ब्राझीलहून परतताना यलो फीव्हरच्या लसीचं कार्ड नसेल तर आपल्याकडे सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात, लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, एकदा घेतली की जन्मभर चालते, तेव्हा ते पिवळं कार्ड पासपोर्टच्याच पाऊचमध्ये ठेवा.

पहिली आरडी पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख टाकून उघडा, खात्याला नाव देता येत असेल तर रिओ द्या, आणि पारोहून आलात की त्या पहाटेचं मला नक्की लिहा.